हमीची मुदत संपल्यावर

श्रोतेहो, आम्हा रत्नागिरीकरांविषयी उभ्या महाराष्ट्रात एक समज रूढ आहे. कोकणातील मनुष्य बांधावरच्या वीतभर जमिनीसाठी आणि सामाईक आंब्याच्या चार फांद्यांसाठी तीन पिढ्या कोर्टाची पायरी चढेल, पण आपला हक्क म्हणून सोडणार नाही, असा तो समज. ही थट्टा क्षणभर खरी मानली, तर एका गोष्टीचे मोठे नवल वाटते. याच मनुष्याच्या घरातला पंचवीस-तीस हजारांचा फ्रिज चौदाव्या महिन्यात बंद पडतो. तो कंपनीच्या केंद्राला टेलिफोन करतो. तिकडून उत्तर येते, "आपली वॉरंटी संपलेली आहे." हे चार शब्द कानी पडताच वीतभर जमिनीसाठी झगडणारा हा गृहस्थ निमूटपणे टेलिफोन खाली ठेवतो, सांगतील ते पैसे देतो, किंवा जुना फ्रिज भंगारवाल्याच्या स्वाधीन करून नवा घेण्याच्या विचाराला लागतो.

हे चार शब्द म्हणजे न्यायाधीशाचा निवाडा नव्हे. ते एका पक्षाचे म्हणणे आहे, आणि पुष्कळ वेळा ते अर्धेच खरे असते. हमीची मुदत संपते म्हणजे कंपनीने आपण होऊन दिलेल्या एका वचनाची मुदत संपते. कायद्याने ग्राहकास दिलेला हक्क त्या दिवशी संपत नाही. परंतु हा दुसरा हक्क पहिल्याइतका सोपा नाही. हमीच्या काळात नुसते बिल दाखविले की काम होते. हमीनंतर आपले म्हणणे सिद्ध करावे लागते. ते केव्हा सिद्ध होते, केव्हा होत नाही आणि त्यासाठी काय जपून ठेवावे, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम हमी म्हणजे काय ते पाहू. फळबाजारात आंब्याच्या पेटीबरोबर कोणी हमीपत्र देत नाही. तरीही वरच्या थरात उत्तम फळे आणि खालच्या थरात सडकी निघाली, तर आपण विक्रेत्याला जाब विचारतो, आणि "हमी कोठे दिली होती?" असे विचारण्याचे धाडस तोही करीत नाही. त्याचप्रमाणे पेटीवर 'रत्नागिरी हापूस' असे छापले असेल आणि आत दुसऱ्याच मुलखाचा आंबा निघाला, तर तो कितीही गोड असला तरी विक्री खोटी ठरते. या दोन्ही गोष्टी व्यवहारात गृहीत आहेत, आणि कायद्यानेही त्या गृहीत धरल्या आहेत. १९३० सालच्या माल विक्री अधिनियमाच्या पंधराव्या कलमात असे आहे की, वर्णनावरून माल विकला तर तो त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. सोळाव्या कलमात असे आहे की, त्या प्रकारचा माल विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल बाजारात खपण्याजोग्या प्रतीचा असला पाहिजे. घेताना ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषाविषयी त्याला पुढे बोलता येत नाही. पण तपासूनही दिसला नसता असा जो आतला दोष, त्याची जबाबदारी कायम राहते. या अटी कोठे लिहाव्या लागत नाहीत. कायदा त्यांना गर्भित अटी म्हणतो. फ्रिज, मिक्सर, कपडे धुण्याचे यंत्र ही सारी या दृष्टीने आंब्याच्या पेटीची भावंडेच होत. फरक इतकाच की, आंब्याचा दोष चार दिवसांत उघडा पडतो आणि यंत्राचा दोष वर्ष-दोन वर्षे दडून बसू शकतो.

सोळाव्या कलमात आणखी एक मुद्दा आहे, आणि समुद्रकाठी राहणाऱ्यांनी तो विशेष लक्षात ठेवावा. वस्तू कशासाठी हवी हे ग्राहकाने विक्रेत्याला सांगितले, आणि विक्रेत्याच्या जाणतेपणावर विसंबून ती घेतली, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे, अशी गर्भित अट उत्पन्न होते. पण ग्राहकाने विशिष्ट वस्तू तिच्या व्यापारी नावानेच मागून घेतली, तर ही अट लागू होत नाही. याचा अर्थ काय? मांडवी, मिऱ्या किंवा भाट्ये येथे समुद्राच्या तोंडावर घर असलेला गृहस्थ दुकानात जाऊन "अमुक कंपनीचे अमुक मॉडेल द्या" असे म्हणतो, तेव्हा निवडीचे ओझे तो स्वतःच्या शिरावर घेतो. त्याऐवजी "घर समुद्राला लागून आहे, खाऱ्या वाऱ्यात टिकेल असे वातानुकूलन यंत्र आपणच सुचवा" असे तो म्हणाला, आणि ती सूचना बिलावर एका ओळीत लिहून घेतली, तर तेच ओझे विक्रेत्याकडे जाते. एका ओळीचा हा फरक पुढे हजारो रुपयांचा ठरू शकतो.

मालविक्रीचा हा कायदा ग्राहक आणि विक्रेता या दोघांपुरता होता. वस्तू बनविणारा कारखानदार त्याच्या बाहेर राही. "ग्राहका, तूच सावध राहा" या जुन्या लॅटिन म्हणीचाही पगडा फार होता. १९३२ साली ब्रिटनच्या उमरावांच्या सभेने एका स्कॉटिश बाईच्या दाव्यात ही भिंत प्रथम फोडली. तिच्या मैत्रिणीने तिला आल्याच्या पेयाची बाटली विकत घेऊन दिली होती. त्या काळ्या काचेच्या बाटलीत मेलेली गोगलगाय होती, असे तिचे म्हणणे होते. बाईने स्वतः काही विकत घेतले नव्हते, तरीही वस्तू बनविणारा तिच्या अंतिम उपभोक्त्याला जबाबदार असतो, हे तत्त्व त्या निर्णयाने मान्य झाले.

आपल्याकडे हा विचार घरोघर पोहोचविण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा पहिला केंद्रीय कायदा झाला. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तो २४ डिसेंबर हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्या कायद्याच्या जागी २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम आला आणि २०२० च्या जुलैपासून तो अमलात आहे.

या कायद्यात 'दोष' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, सामर्थ्य, शुद्धता किंवा दर्जा यांत असलेली कोणतीही उणीव म्हणजे दोष. आणि हा दर्जा कोणता? जो एखाद्या कायद्याने आवश्यक केला आहे, जो उघड किंवा गर्भित कराराने ठरला आहे, किंवा ज्याचा विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे दावा केला आहे, तो. या व्याख्येत हमीच्या मुदतीचा उल्लेखही नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, माल विक्री अधिनियमाच्या सोळाव्या कलमातील गर्भित अटी ग्राहक कायद्याखालील व्यवहारांतही धरता येतात. अपघातात त्या मोटारीच्या सुरक्षा-पिशव्या उघडल्या नव्हत्या, आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली.

आता कोणी म्हणेल, "मग हमीला एक वर्ष आणि हक्काला अनंत काळ, असे का?" तसेही नाही. यंत्रे कशी बिघडतात हे थोडे समजून घेतले म्हणजे कायद्याची मर्यादा आपोआप कळेल.

एकाच प्रकारची हजार यंत्रे घेऊन ती केव्हा केव्हा बिघडली याची नोंद केली, तर साधारणपणे तीन टप्पे दिसतात. आरंभी काही यंत्रे लवकर बिघडतात. ती जुळणीतल्या किंवा सुट्या भागांतल्या चुकांमुळे. त्यानंतर बरीच वर्षे बिघाडाचे प्रमाण अगदी थोडे असते. शेवटी रबर कडक होते, बेअरिंगे झिजतात, मोटारीच्या तारांवरील लेप करपतो, आणि बिघाड पुन्हा वाढतात. हा शेवटचा टप्पा म्हणजे यंत्राचे वार्धक्य. वार्धक्याची भरपाई कोणी मागू नये, आणि मागितली तरी ती मिळणार नाही. बारा वर्षे चाललेल्या फ्रिजबद्दल कंपनीशी भांडणे म्हणजे नव्वदीत दात पडले म्हणून वैद्याशी भांडण्यासारखे आहे. परंतु ज्या यंत्राचे आयुष्य आठ-दहा वर्षांचे असावे अशी सर्वांची अपेक्षा असते, ते चौदाव्या महिन्यात मान टाकते, तेव्हा "झिजले असेल" हे उत्तर पुरेसे होत नाही. तो काळ झिजण्याचा नव्हेच. म्हणून असा बिघाड होण्याचे दुसरे काही कारण असले पाहिजे, आणि ते यंत्राच्या आत आहे की बाहेर, एवढाच प्रश्न उरतो. हमीनंतरचा सगळा वाद वस्तुतः या एका प्रश्नाभोवती फिरतो.

हमी संपताच यंत्र बिघडावे अशी योजना कंपन्या मुद्दाम करतात, असा संशय पुष्कळांना असतो. इतिहासात याला अगदीच आधार नाही असे नाही. १९२४ च्या अखेरीस विजेच्या दिव्यांच्या मोठ्या कारखानदारांनी जिनिव्हा येथे एकत्र येऊन एक संघ केला, आणि दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणण्याचे ठरविले. जास्त टिकणारे दिवे करणाऱ्या सभासदाला दंड होत असे. तथापि संशय हा पुरावा नव्हे. आयोगापुढे "कंपन्या असेच करतात" हे वाक्य उपयोगी पडत नाही. "या यंत्राचा अमुक भाग अमुक कारणाने निकामी झाला" हे वाक्य उपयोगी पडते.

बाहेरची कारणे आमच्या जिल्ह्यात थोडीथोडकी नाहीत. येथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हवेत ओल असते आणि ओलीत मीठ असते. वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागात तांब्याच्या नळ्यांना ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या जोडलेल्या असतात. दोन निराळ्या धातूंच्या सांध्यावर खारट ओल बसली की गंज झपाट्याने चढतो, नळीला सूक्ष्म छिद्र पडते आणि वायू निघून जातो. यंत्राच्या आतल्या सर्किटच्या पाटीवर हीच ओल धुळीबरोबर बसली, तर नको त्या मार्गाने वीज वाहू लागते. पावसाळ्यात वीज जाते-येते, दाब कमीजास्त होतो, कडाडून विजा पडतात. आणि २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळुणात जे घडले, ते तर सर्वांनी पाहिले. पुराच्या पाण्यात बुडालेले यंत्र हा कारखान्याचा दोष नव्हे. तेथे विमा असेल तरच काही हाती लागते.

पण खाऱ्या हवेचे नाव घेतले की कंपनी मोकळी झाली, असेही समजू नये. भारताला हजारो किलोमीटरांचा समुद्रकिनारा आहे, आणि किनाऱ्यावरच्या गावांत आपली यंत्रे विकली जातात हे कंपन्यांना पूर्ण ठाऊक असते. किनाऱ्यावर यंत्र विकायचे आणि एका वर्षात गंजले की समुद्राकडे बोट दाखवायचे, यावर ग्राहकाला प्रश्न विचारता येतो. माहितीपत्रकात "गंजरोधक" असा दावा केला असेल, तर तो दावाच दर्जा ठरतो. 'दोष' या शब्दाची व्याख्या आपण मघाशी पाहिलीच. याकरिता यंत्र घेताना मिळालेले रंगीत माहितीपत्रक रद्दीत घालू नये. हमीपत्राइतकेच ते मोलाचे आहे.

विजेच्या दाबाने यंत्र जळाले असेल, तर कंपनीशी भांडून उपयोग नाही. तो प्रश्न वीजपुरवठ्याचा. त्यासाठी वीज वितरण कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि दाद न लागल्यास २००३ च्या विद्युत् अधिनियमाप्रमाणे स्थापन झालेल्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते. त्याच रात्री आळीतल्या आणखी चार घरांची यंत्रे जळाली असतील, तर चौघांनी मिळून तक्रार करावी. एका घरचा पंखा जळाला तर योगायोग म्हणतात. पाच घरांचे जळाले तर त्याला पुरावा म्हणतात.

आता "वॉरंटी संपली" हे वाक्य ऐकल्यावर काय करावे, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, हमीपत्र स्वतः वाचावे. फ्रिज आणि वातानुकूलन यंत्राच्या हमीपत्रात पुष्कळदा सबंध यंत्राला एक वर्ष आणि कॉम्प्रेसरला पाच किंवा दहा वर्षे, असे निरनिराळे कालखंड असतात. कपडे धुण्याच्या यंत्रात मोटारीची मुदत बहुधा निराळी असते. तेव्हा "संपली" म्हणजे कशाची संपली, हे विचारावे. मात्र कॉम्प्रेसर फुकट मिळाला तरी वायू भरणे, वाहतूक आणि मजुरी यांचे पैसे मागितले जातात. ते हमीपत्रात वगळलेले आहेत का, तेही पाहावे. मुदत कोणत्या दिवसापासून मोजली हेही तपासावे. यंत्र दिवाळीत विकत घेतले आणि कंपनीच्या माणसाने ते तीन आठवड्यांनी येऊन बसविले, असे पुष्कळदा होते. जे यंत्र बसविल्याशिवाय वापरताच येत नाही, त्याची हमी बसविल्याच्या दिवसापासून मोजावी, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२४ साली कंपन्यांना सुचविले आहे. ही सूचना आहे, सक्ती नव्हे. पण पत्रात तिचा उल्लेख करण्यास हरकत नाही.

दुसरी गोष्ट, बिघाडाचा पहिला दिवस शोधावा. आज यंत्र बंद पडले असेल. पण आठव्या महिन्यात ते आवाज करीत होते, दहाव्यात पाणी गळत होते, कारागीर दोनदा येऊन गेला होता, असे असेल तर बिघाड हमीच्या काळातच सुरू झाला होता. त्या वेळची तक्रार आणि आजचा बिघाड एकाच कारणाचे आहेत हे दाखविता आले, तर मुदत संपल्याची सबब फार लंगडी पडते. कारागीर जी पावती देतो, जिला सर्व्हिस सेंटरची मंडळी 'जॉब शीट' म्हणतात, ती म्हणून सोन्यासारखी जपावी. तीवर "तपासले, ठीक आहे" असे लिहून तो सही मागत असेल आणि यंत्र ठीक नसेल, तर सहीच्या वर "आवाज अद्याप येतो" एवढे तीन शब्द स्वतःच्या हाताने लिहावेत. तक्रार तोंडी करून थांबू नये. तिचा क्रमांक घ्यावा आणि मोबाइलवर आलेला निरोप पुसून टाकू नये.

तिसरी गोष्ट, बिघाडाचे कारण लेखी मागावे. कोणता भाग गेला आणि कशाने गेला, हे कंपनीच्या कारागिराला लिहून द्यायला सांगावे. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. त्याचे पैसे आपण दिलेले असतात, आणि पुढे तज्ज्ञाला दाखवायचा तर तोच दाखवावा लागतो. कंपनी लिहून देत नसेल, तर एखाद्या माहितगार विद्युत्-तंत्रज्ञाकडून अहवाल घ्यावा. पण वाद करायचा असेल, तर यंत्र उघडून कोपऱ्यावरच्या कारागिराकडून दुरुस्त करून घेण्यापूर्वी हे करावे. एकदा यंत्रात परका हात फिरला की मूळ दोष कोणता आणि नंतरचा कोणता, हे सांगणे कठीण होते.

चौथी गोष्ट सुट्या भागांची. "दुरुस्त झाले असते, पण या मॉडेलचा भाग आता येत नाही," हे उत्तर तीन-चार वर्षांच्या यंत्रालाही मिळते. पैसे देऊनही दुरुस्ती होऊ नये, ही गोष्ट अनेक ग्राहक आयोगांनी सेवेतील त्रुटी मानली आहे. केंद्र सरकारने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, आणि त्याच वर्षीच्या ग्राहक दिनी त्यासाठी एक संकेतस्थळही सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ग्राहकाला खुली करावी, हा त्यामागील हेतू. शिवाय हमीनंतर पैसे देऊन केलेली दुरुस्ती ही स्वतंत्र सेवा असते. दोन हजार रुपये घेऊन बदललेला भाग महिन्यात पुन्हा गेला, तर यंत्राच्या जुन्या हमीचा तेथे संबंधच नाही. त्या दुरुस्तीची जबाबदारी दुरुस्ती करणाऱ्यावर आहे. म्हणून दुरुस्तीचेही रीतसर बिल घ्यावे. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

पाचवी गोष्ट धोक्याची. गीझर फुटला, यंत्राने पेट घेतला, कोणी भाजले, भिंत किंवा सामान जळाले, तर प्रश्न केवळ यंत्राच्या किमतीचा राहत नाही. २०१९ च्या कायद्यात 'उत्पादनाचे दायित्व' या नावाचे नवे प्रकरण आहे. घडणीत किंवा रचनेत दोष असेल, किंवा वापराविषयी पुरेशी सूचना दिली नसेल, आणि त्यामुळे माणसाला अथवा त्याच्या इतर मालमत्तेला इजा झाली असेल, तर कारखानदार भरपाईस पात्र होतो. यात यंत्राचे स्वतःचे नुकसान धरलेले नाही. त्यासाठी 'दोषा'ची वाट आहेच. अशा प्रसंगी जळालेले यंत्र हलविण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत आणि पंचनामा करून घ्यावा.

इतके करूनही कंपनी ऐकत नसेल, तर काय? आधी कंपनीच्या मुख्य कचेरीला सविस्तर पत्र पाठवावे: खरेदीची तारीख, यंत्राचा क्रमांक, तक्रारींच्या तारखा, बिघाडाचे कारण आणि आपली नेमकी मागणी. पंधरा दिवसांची मुदत द्यावी. भाषा सौम्य असावी. शिव्याशापांनी पत्राचे वजन घटते. त्याबरोबर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे तक्रार नोंदवावी. तेथे निवाडा होत नाही, पण तक्रार कंपनीकडे पोहोचते, आणि पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात.

तेथेही न मिटल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल अशी प्रकरणे या आयोगापुढे चालतात, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. रत्नागिरीकरांच्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय अशी की, २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. यंत्र मुंबईहून आणले असो, पुण्यात घेतले असो, वा घरबसल्या मोबाइलवरून मागविले असो, दादरची गाडी पकडण्याचे कारण उरलेले नाही. सरकारच्या 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून तक्रार घरूनही दाखल होते. समोरच्या पक्षाला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा मिळतात; या पंचेचाळीस दिवसांपलीकडे मुदत वाढविता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली पक्के केले आहे. दोष प्रयोगशाळेतच कळण्याजोगा असेल, तर आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो. त्याचे शुल्क प्रथम तक्रारदाराला भरावे लागते. दोन्ही पक्ष राजी असतील तर मध्यस्थीनेही प्रकरण मिटविता येते.

मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे गेले पाहिजे. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत वाढत नाही. "पाहू, पुढच्या महिन्यात साहेब येणार आहेत" या आश्वासनांवर दोन पावसाळे घालविलेल्या ग्राहकाचा खरा हक्कही हातचा जाऊ शकतो. उशिराचे समाधानकारक कारण द्यावे लागते, आणि ते मान्य होईलच असे नाही.

या हक्काच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. दोष सिद्ध करण्याचा भार प्रथम तक्रारदारावर असतो. दोष सिद्ध झाला तरी सबंध नवे यंत्र मिळेलच असे नाही. २००६ साली एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, हमीप्रमाणे सदोष भाग बदलून देणे पुरेसे आहे, सबंध गाडी बदलण्याची सक्ती करता येत नाही, असे ठरविले होते. हमीनंतरच्या प्रकरणांत, जितका काळ यंत्र वापरले त्याची घट धरून उरलेली रक्कम देण्याकडे आयोगांचा कल पुष्कळदा दिसतो, आणि तो न्याय्यच आहे. धंद्यासाठी घेतलेल्या यंत्राला ग्राहक कायदा लागू नाही. परंतु स्वतः राबून पोट भरणाऱ्याला त्यातून सूट आहे. गणपतीपुळ्याला घरातच चार खोल्या पाहुण्यांना देऊन चरितार्थ चालविणाऱ्या बाईंचा फ्रिज या सुटीत बसू शकतो. मोठ्या हॉटेलाचा बसत नाही.

परदेशांत याबाबत कायदा अधिक रेखीव आहे. युरोपीय संघात नव्या वस्तूवर निदान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी विक्रेत्यावर असते, आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असे धरून चालतात. इंग्लंडमध्ये कंपनीची हमी कितीही वर्षांची असो, सदोष मालाबद्दल सहा वर्षांपर्यंत दावा आणता येतो. फ्रिज इतकी वर्षे टिकलाच पाहिजे, असा आकडा आपल्या कायद्यात कोठे नाही. आपल्याकडे तो प्रत्येक प्रकरणात वस्तूचा प्रकार, किंमत आणि वापर पाहून ठरवावा लागतो. म्हणूनच येथे कागदाला अधिक मोल आहे. तेथे ग्राहकाचे जे काम कायद्यातील आकडा करतो, ते येथे बिल, जॉब शीट आणि माहितीपत्रक यांना करावे लागते.

श्रोतेहो, मध्यम स्थितीतल्या कुटुंबात एक यंत्र घ्यायचे म्हणजे कित्येक महिन्यांची शिल्लक खर्ची पडते. ते पैसे बहुधा गृहिणीच्या काटकसरीतून उभे राहिलेले असतात, आणि यंत्र बंद पडले की त्याचे कष्टही पुन्हा तिच्याच वाट्याला येतात. असे यंत्र अकाली निकामी झाले, तर केवळ एक तारीख उलटून गेली म्हणून त्यावर पाणी सोडणे हा उदारपणा नव्हे. तसेच प्रत्येक बिघाडाला फसवणूक म्हणून ओरड करणे हा शहाणपणा नव्हे. गावातला दुकानदार आपला शत्रू नाही. कंपनीचा माल सदोष निघाला तर नाव त्याचेही जाते, आणि दोन शब्द नीट बोलल्यास तो पुष्कळदा आपल्याच बाजूने कंपनीशी भांडतो.

आपल्या घरांत सातबाराचे उतारे आणि खरेदीखते लोखंडी पेटीत जपून ठेवण्याची रीत आहे. त्याच पेटीत एक लखोटा यंत्रांसाठी ठेवावा: बिल, हमीपत्र, माहितीपत्रक, कारागिरांच्या पावत्या. थर्मल कागदावरच्या बिलांची अक्षरे आमच्या दमट हवेत वर्षभरात उडून जातात. तेव्हा त्यांची छायाप्रत त्याच दिवशी काढून ठेवावी. पुढे कोणी "आपली वॉरंटी संपलेली आहे" असे म्हणाले, तर शांतपणे एवढेच विचारावे: "ते समजले. यंत्र कशाने बिघडले, ते मला लेखी कळवाल का?"